खंडेनवमीला धुतलेली गिटार

मी आयुष्यभर गिटारी विकल्या आणि मला एकही गाणं वाजवता येत नाही. लोकांना हे खोटं वाटतं. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘मॅडम, जरा वाजवून दाखवा ना,’ आणि मी नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. अहो, सोनाराच्या पेढीवर बसणारी बाई काय रोज पाटल्या-तोडे घालून मिरवते? मला तारा चढवता येतात, सूर जुळवता येतात, कुठल्या गिटारीचा आवाज मोकळा आणि कुठलीचा दबका ते कानाला कळतं. तेवढ्यावर माझी नोकरी झाली आणि चांगली झाली.

अंधेरी पश्चिमेला बाजाराच्या तोंडाशी आमचं वाद्यांचं दुकान. पुढे काउंटर, भिंतीवर टांगलेल्या गिटारी, कोपऱ्यात ढोलक्या, आणि मागच्या खोलीत आमचे वामन मेस्त्री. मेस्त्री मालवणकडचे. हार्मोनियमच्या पेट्या बनवण्यात अर्धी हयात गेली, मग पेट्यांचं गिऱ्हाईक आटलं तेव्हा गिटारी दुरुस्त करायला लागले. बोलणं कमी आणि तेही शुद्ध मालवणी. मी तिथे लागले तेव्हा घरचे म्हणाले, बरं झालं, वाद्यांचं दुकान म्हणजे शांत काम. कसलं शांत! माणसं वाद्यांचं काय काय करतात हे बघून माझ्या काळजात जितक्या वेळा धस्स झालंय ना, तितक्या वेळा एखाद्या अपघात विभागातल्या नर्सच्याही झालं नसेल.

एक सांगते. साकीनाक्याला वर्कशॉप असलेले एक गृहस्थ नवीकोरी गिटार घेऊन आले. म्हणाले, ‘मॅडम, ही आमच्या माळ्यावर मावत नाही. वरचा दांडा एवढासा कापून द्या, लागेल तेव्हा परत चिकटवू.’ मी म्हटलं, थट्टा करताय. तर ते पेन्सिलने खूण करून आले होते! मेस्त्री आतून आले, खूण बघितली, गृहस्थांकडे बघितलं आणि गिटार आत घेऊन गेले. खूण खोडून, पुसून गिटार परत दिली आणि म्हणाले, ‘माळो मोठो करा.’

आता जरा धंद्याचं सांगते, कारण पुढचं कळायला ते लागेल. गिटार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्टीलच्या तारांची येते, सिनेमातली, खणखणीत. दुसरी असते नायलॉनच्या तारांची. तिला क्लासिकल गिटार म्हणतात. तिचा दांडा रुंद, तारा बोटांना मऊ, आवाज गोल. वरची फळी पापडासारखी पातळ असते आणि तिच्या पोटातून पंख्याच्या काड्यांसारख्या बारीक पट्ट्या सरसाने चिकटवलेल्या असतात. सगळा आवाज त्या पातळ फळीचा. पवईच्या एका आयटीवाल्या तरुणाला तो आवाज बारीक वाटला, म्हणून त्याने घरी बसून तिच्यावर स्टीलच्या तारा चढवल्या. स्टीलचा ओढा केवढा! आठवडाभरात तारा जिथे खाली बांधतात तो ब्रिज उखडून भिंतीवर आपटला. पठ्ठ्या ब्रिज पिशवीत घालून आला आणि म्हणतो, ‘मॅडम, हा आपोआप निघाला.’ आपोआप! वाट लावलीस की रे बाबा, म्हटलं.

पण ह्या सगळ्या धक्क्यांचा बाप म्हणजे परबांची गिटार. ती गोष्ट मी दुकान सोडेपर्यंत कुणाला सांगितली नाही. आता परब आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, दोघंही म्हणाले, लिही, म्हणून लिहिते.

परब पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना पेटी दाखवायला निघाले होते. साठी उलटलेला माणूस, रापलेला रंग, हाताची बोटं गाजरासारखी जाड, कपाळाला बुक्का. मला वाटलं, भजनी मंडळ. म्हटलं, ‘पेटी हवी का टाळ?’

‘नायलॉनची गिटार बघायची होती,’ ते म्हणाले. ‘बोसा नोव्हासाठी.’

माझा आ वासलेलाच राहिला. बोसा नोव्हा हा शब्द मी ऐकला होता तो वांद्र्याहून येणाऱ्या, केसांना रंग लावलेल्या पोरापोरींच्या तोंडून. ब्राझीलचं संगीत. हळू, कानात सांगितल्यासारखं. त्यात अंगठा खालच्या सुरांवर ठेका धरतो आणि बाकीची बोटं वरचे सूर ठेक्याच्या जरा आधी उचलतात. स्टीलच्या तारांवर ते वाजवलं की भांडी पडल्यासारखी वाटतात. नायलॉनच हवी. हे सगळं मला माहीत होतं, पण बुक्का लावलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायची तयारी नव्हती.

परब मर्चंट नेव्हीत होते, इंजिन रूममध्ये फिटर. उभा जन्म बोटीवर. जहाजावरच्या एका फिलिपिनो सोबत्याने त्यांना हात धरून थोडं शिकवलं होतं. स्वतःची गिटार कधी घेतली नाही. आता रिटायर होऊन बोरिवलीला घरी बसले होते आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी घ्यायला निघाले होते.

‘आवाज मोठा नको,’ ते म्हणाले. ‘दार लावून वाजवलं तर मला ऐकू यावं, बस.’

त्यांनी अख्खी दुपार लावली. एक एक गिटार घ्यायचे, मांडीवर ठेवायचे, कान फळीला लावून नुसती एक तार छेडायचे आणि तिचा आवाज पूर्ण विझेपर्यंत थांबायचे. दुसरं गिऱ्हाईक असतं तर मी वैतागले असते. पण हा माणूस इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा, त्याला घाई करायची माझी छाती होईना. शेवटी त्यांनी एक निवडली. चकाकणाऱ्यांतली नव्हे, मळकट मधाच्या रंगाची, भिंतीवर बरेच महिने लटकलेली. तिच्यावर त्यांनी एक धून वाजवली. बोटं जाड, वाजवणं अडखळत, पण धून अशी की मी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले. मेस्त्री आतून बाहेर आले. आमचे मेस्त्री जेवणाच्या वेळेलाही सांगितल्याशिवाय बाहेर यायचे नाहीत!

‘आणि काय वाजवता?’ मी विचारलं.

‘हीच येते,’ परब म्हणाले. ‘हीच यायला हवी होती.’

मग ते येत राहिले. तारा बदलायला, सूर तपासायला, कधी नुसते चहाला. पावसाळा आला तसं मी त्यांना बजावलं, खिडकीजवळ ठेवू नका, गिटार ठेवायच्या पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका, ओल लागली की पातळ फळी फुगते, सरस सुटतो. ते घरी जाऊन हे सगळं बायकोला सांगायचे. बायकोला मात्र गिटार डोळ्यांसमोर नको होती. ‘ती खोलीत येत नाही,’ ते म्हणायचे. ‘मी वाजवायला घेतली की ती टीव्ही मोठा करते.’ मी हसून म्हणायचे, अहो, जन्मभर तुम्ही बोटीवर, घर तिचं एकटीचं होतं, आता तुम्हीही घुसलात आणि वर गिटार! ते हसायचे नाहीत. एकदा म्हणाले, ‘ताई, ह्या वयात जर आमचं दोघांचं जमलं नाही, तर कधी जमायचं?’ त्या माणसाला गिटार शिकायची नव्हती हो. त्याला घरात राहायला शिकायचं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतेय तोच रिक्षा थांबली. एक बाई उतरल्या. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, अंबाड्यावर आदल्या दिवशीचं सुकलेलं झेंडूचं फूल. दोन्ही हातांत जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल आणावं तसं.

‘मी परबांची बायको,’ त्या म्हणाल्या. ‘ही बघा ना जरा.’

काउंटरवर ठेवून मी साडी उलगडली आणि किंचाळलेच. आई शप्पथ सांगते, किंचाळले! मधाच्या रंगाची ती गिटार मेल्या माशासारखी फुगली होती. पाठीचा सांधा उघडा पडला होता, ब्रिज एका बाजूने उचलला होता, आणि कळस म्हणजे फळीवर हळदीकुंकवाची बोटं उठली होती. मी हलवली तर आत पट्ट्या खुळखुळल्या.

‘अहो वहिनी, हे काय झालं? पाण्यात पडली?’

‘धुतली,’ त्या म्हणाल्या. ‘परवा खंडेनवमी होती ना. घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजायची असतात. कोयता धुतला, विळी धुतली, ह्यांचे पाने-पक्कड धुतले. म्हटलं, आता ह्यांचं हत्यार हेच. नळाखाली धरली, साबण लावला, आणि गच्चीवर उन्हात वाळत घातली.’

मी मटकन स्टुलावर बसले. साबण! आणि ऑक्टोबरचं ऊन! पण खरं सांगू? रागवायला तोंड उघडलं आणि रागच येईना. आमच्या घरीही तेच होतं ना. माझी आई शिवणयंत्राला हळदकुंकू लावायची, सासरे सायकल धुऊन हार घालायचे. दुकानात आम्हीसुद्धा दरवर्षी वाद्यं पुजतो, फक्त कुंकू ठेवायच्या पेटीला लावतो, लाकडाला नाही. मला वाटलं, इतके महिने जिचा तिटकारा केला, तिला ह्या बाईने शेवटी घरातली मानली, आणि नेमकी त्यातच तिची माती झाली. माझे डोळे भरून आले हो.

मेस्त्री बाहेर आले. गिटार उचलली, उलटी केली, भोकातून आत बघितलं.

‘ह्येका पाणी कोणी पाजला?’ त्यांनी विचारलं.

वहिनींनी मान खाली घातली.

‘वाजेल ना परत?’ मी विचारलं. मेस्त्रींनी हळू सुकवायला लागेल म्हणून सांगितलं, सावलीत, मग पट्ट्या एक एक करून चिकटवायच्या, शिकंजे लावून ठेवायचे. घाई केली तर फळी फाटेल. आणि आवाज? ‘बोलात. पण आदीसारख्या नाय.’ म्हणजे बोलेल, पण आधीसारखी नाही. गिटार पुढे दुरुस्त झाली, हे मी आताच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या दिवशी प्रश्न गिटारीचा नव्हता. परब गावी गेले होते, घराची डागडुजी करायला, आणि दिवाळीच्या आधी परतणार होते. वहिनींना गिटार त्यापूर्वी जागच्या जागी हवी होती.

काही दिवसांनी त्या पुन्हा आल्या. ह्या वेळी हात मोकळे. भिंतीवर तशीच दुसरी गिटार लटकत होती, त्याच रंगाची, त्याच कंपनीची. त्यांनी बोट दाखवलं.

‘ही द्या. त्या पेटीत ठेवते. सारखीच तर आहे.’

‘वहिनी, तुम्हाला सारखी दिसते. परबांना पहिल्याच तारेला कळेल. अख्खी दुपार कान लावून घेतलीय त्यांनी ती.’

‘कळू दे. सांगेन काहीतरी.’

‘अहो, पण खरं सांगायला काय झालं? पुजेसाठी धुतली म्हणा. रागावतील दोन दिवस. पण पुजेला घेतलीत म्हटल्यावर आतून सुखावतीलच की.’

वहिनींनी इकडेतिकडे बघितलं, दुकानात कुणी नव्हतं, आणि त्यांची शुद्ध मराठी गळून पडली.

‘पाण्यान ती मरतली, ह्यां माका म्हायत होता.’

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, ‘काय?’

‘माहीत होतं मला. ह्यांनी हजारदा सांगितलंय, ओला हात लावू नको, खिडकी लाव. मला माहीत होतं म्हणून तर धुतली. पूजा बिजा सगळं नंतर. हळदकुंकू लावलं, शेजारणीने विचारलं तर सांगायला.’

मी ह्या बाईसाठी डोळ्यांतून पाणी काढलं होतं! दुकानात काय काय बघितलं, पण वाद्याचा असा जाणूनबुजून जीव घेणारं कुणी बघितलं नव्हतं. मला इतका संताप आला की मी म्हटलं, ‘वहिनी, तुम्ही जा. मला काही बोलायचं नाही.’

त्या गेल्या नाहीत. काउंटरची कड धरून उभ्या राहिल्या.

‘रोज संध्याकाळी एकच गाणं,’ त्या म्हणाल्या. ‘डोळे मिटून. आणि रडतो, दाराच्या फटीतून बघितलंय मी. हा माणूस रडतो, ताई! तिकडची कोण बाई असणार, तिच्यासाठी. इतकी वर्षं बोटीवर, मी कधी विचारलं नाही. बंदरातलं बंदरात राहू दे, म्हटलं. पण आता ती माझ्या घरात आणून वाजवायची, माझ्या समोर?’

‘असं कशावरून पण?’

‘आमची पहिली मुलगी गेली ना. बारशाच्या आधीच गेली. पाळणा आणलेला तसाच राहिला. हे तेव्हा बोटीवर. चाळीत खालच्या वाण्याकडे फोन आला, मला उचलून नेलं फोनवर. आणि हा माणूस मला विचारतो, जेवतेस ना? एवढंच. जेवतेस ना. मग वर्षाने घरी आला, साड्या आणल्या, सेंट आणलं. पोरीचा विषय नाही. एक थेंब नाही डोळ्यात. मग दोन मुलगे झाले, मोठे झाले, दूर गेले, पण तिच्याबद्दल ह्याच्या तोंडून एक शब्द नाही. जो माणूस स्वतःच्या पोरीसाठी रडला नाही, तो कुणासाठी रडतो तिथे बसून? तुम्ही सांगा.’

राग कुठे गेला कळलं नाही. मघाशी जा म्हटलं होतं, आता स्टूल पुढे केलं.

‘खरं सांगितलं तर हा गावी निघून जाईल,’ त्या म्हणाल्या. ‘तिथलं घर नीट करतोय ते उगाच नाही. आणि नाही सांगितलं तर मी ह्याच्याबरोबर एका ताटात कशी जेवू?’

मी दुसरी गिटार दिली नाही. धंदा गेला तर गेला. त्यांना म्हटलं, मेस्त्रींचं काम होऊ दे, मग बघू.

पण बघू म्हणायला सवड मिळाली नाही. परब ठरल्याच्या आधीच परतले. दिवाळीची गर्दी सुरू झाली होती, मी कंदिलाचा दिवा लावत होते, आणि दारात परब. मागे वहिनी, चेहरा पांढराफटक. घरी पेटी उघडली तर रिकामी, आणि वहिनींनी घाबरून सांगितलं होतं, तारा बदलायला दिलीय. तारा बदलायला मी कधीपासून घरून गिटारी मागवते? परबांना कळायला काय वेळ लागतो!

‘कुठे आहे?’ त्यांनी विचारलं.

मी मेस्त्रींना हाक मारली. मेस्त्रींनी ती आणली, अंगभर शिकंजे लावलेली, पाठ उघडी. काउंटरवर ठेवली. परबांनी जवळ येऊन वाकून बघितलं. हात लावला नाही. हळदीचे डाग मेस्त्रींनी पुसले होते, पण लाकडात उतरलेले दिसत होते.

माझ्या जिभेवर थाप तयार होती. ह्यावर्षी ओल फार होती, परब, बऱ्याच गिटारी अशा गेल्या. मी तोंड उघडलंही. पण वहिनी माझ्या आधी बोलल्या.

‘मी धुतली. मुद्दाम.’

दोन गिऱ्हाइकं ढोलकी बघत उभी होती. मी त्यांना म्हटलं, जरा बाहेर थांबा प्लीज, आणि शटर अर्धं खाली ओढलं. मेस्त्री मात्र आत गेले नाहीत.

परब ढोलक्यांच्या बाजूला ठेवलेल्या लाकडी खोक्यावर बसले. म्हणाले, ‘का?’

‘कोण होती ती?’

‘कोण?’

‘जिच्यासाठी वाजवता ती.’

परब वहिनींकडे असे बघत राहिले की मला वाटलं, आता उठून मारतात की काय. मारणारा माणूस नव्हे तो, पण मला तसं वाटलं.

‘तिच्यासाठीच,’ ते म्हणाले. ‘आपल्या पोरीसाठी.’

बाहेर भोंगे वाजत होते.

‘ब्राझीलला, सांतोस बंदरात होतो,’ परब म्हणाले. ‘साखर भरत होतो. एजंटने निरोप आणला. कॅप्टनने तासाभराची सुट्टी दिली, फोन करून ये म्हणाला. टेलिफोनच्या खोलीत मागे रांग लागलेली, आपली पोरं सगळी, माझ्याकडे बघत. तुझा आवाज आला आणि माझी बोबडीच वळली. काय बोलणार होतो? जेवतेस ना, एवढंच आलं तोंडातून. फोन ठेवला आणि बोटीवर जायचं सोडून धक्क्याजवळच्या एका खाणावळीत जाऊन बसलो. तिथे एक म्हातारा वाजवत होता. असा हळू, जणू शेजारी कुणी झोपलंय. मी रडायला लागलो तसा तो थांबला. मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मुलगी. म्हणाला, नाव काय?’

परबांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

‘मी काय सांगणार? बारसंच नव्हतं झालं. पण तो थांबून राहिला होता, हात तारांवर ठेवून. नाव कळल्याशिवाय पुढे वाजवणार नव्हता. त्याला तिच्यासाठी वाजवायचं होतं ना. नाव नाही, असं मला सांगवेना. मग मी ठेवलं.’

‘काय ठेवलं?’ वहिनींनी विचारलं. आवाज म्हणावा इतकाही नव्हता.

‘वैशाली. वैशाखात झाली म्हणून. मग त्याने वैशालीसाठी वाजवलं, तीच धून. घरी येऊन तुला काय सांगणार? तुला न विचारता पोरीचं नाव ठेवून आलो, परक्या मुलखात, दारूच्या गुत्त्यात बसून. कुठल्या तोंडाने बोलू?’

मी आणि मेस्त्री एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. मला वाटलं, आता वहिनी कोसळतील. मी पुढे सरकलेही, धरायला.

पण त्या कोसळल्या नाहीत. त्या परबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना मोठ्याने म्हणाल्या, ‘वैशाली? हे काय नाव ठेवलंत? तुमच्या भावकीत दोन वैशाली आहेत!’

परब गडबडले. ‘तेव्हा एकच होती.’

‘एक होती तर तेच कशाला? माझी पोर सुमन होती. मी सुमन ठेवलं होतं तिचं. रोज हाक मारत होते दूध पाजताना, कुणाला न सांगता. सुमन!’

‘सुमन?’ परब उठून उभे राहिले. ‘सुमन आमच्या आत्याचं नाव! तिच्यासारखी तोंडाळ निघाली असती म्हणजे?’

‘निघाली असती तर बरं झालं असतं. ह्या घरात कुणी तरी तोंड उघडलं असतं!’

‘वैशाली चांगलं नाव आहे.’

‘सुमन!’

दोघंही ओरडत होते. दोघंही रडत होते. परबांनी वहिनींचा हात घट्ट धरला होता आणि तरी ऐकत नव्हते. मेस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे होते, खांदे हलत होते. शटरच्या खालून ढोलकीवाल्या गिऱ्हाइकाचं डोकं आत आलं. म्हणाला, ‘मॅडम, कुणाचं बारसं आहे का?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘थोडं थांबा. अजून नाव ठरायचंय.’